दहा वाजून चौदा मिनिटं

साहेब, तनुजाची नोकरी तुम्ही खाल्लीत. कागदावर ‘तपासणीच्या नोंदीत फेरफार’ असं कारण आहे, खाली एचआरच्या दिव्या मॅडमची सही आहे, त्यावर कंपनीचा गोल शिक्का आहे. ते सगळं असू दे. खाल्लीत तुम्ही. हे मला चौकशीच्या खोलीत तुमच्या तोंडावर बोलता आलं असतं. बोललो नाही. आता लिहितोय, आणि पहिल्यापासून लिहितोय, कारण मधूनच सुरू केलं की तुम्ही ‘ते टेक्निकल आहे’ म्हणता आणि फाइल बंद करता.

यातलं बरंचसं तुम्हाला माहीत आहे. पण हे वाचणारे तुम्ही एकटे नसणार.

चाकणला आपल्या प्लांटमध्ये पाण्याच्या पंपाच्या ॲल्युमिनियमच्या बॉड्या बनतात, गाडीच्या इंजिनला बसणाऱ्या. लाइनच्या शेवटच्या टेबलावर लीक टेस्टचं मशीन आहे. बॉडी त्यात बसवायची, झाकण दाबायचं, आत हवा भरते आणि ती किती गळते ते मशीन मोजतं. गळती पाचच्या आत असली तर हिरवा दिवा. पाचच्या वर गेली की लाल, पीस बाजूला. एका पीसला दीड मिनिट लागतं. प्रत्येक पीसची नोंद शेजारच्या कॉम्प्युटरमध्ये पडते. वेळ, गळती, लिमिट, पास की फेल. तपासणाऱ्याचं नाव पडत नाही. ते वेळेवरून ठरतं. सकाळी सात ते दुपारी साडेतीन पहिली शिफ्ट, म्हणजे तनुजा. साडेतीन ते रात्री बारा दुसरी, म्हणजे मालोजी.

तनुजा अहमदपूरची. महाळुंग्यात दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. कंत्राटी, तिसरं वर्ष. मालोजी इथलाच, परमनंट, आणि तिला ज्याने कामाला लावलं त्या कंत्राटदाराचा चुलतभाऊ. मी सुजित, मेंटेनन्सचा, जनरल शिफ्टचा. आयटीआयला वायरमन झालो. कॉम्प्युटर कोणी शिकवला नाही, बिघडवत बिघडवत शिकलो.

हे लीक टेस्टचं मशीन ज्यांनी बनवलं ती कंपनी बंद पडून सहा वर्षं झाली. त्यांचं सॉफ्टवेअर फक्त जुन्या विंडोजवर चालतं, नवीन कशावर टाकलं तर मशीन कॉम्प्युटरला ओळखच देत नाही. इथपर्यंत ठीक होतं. मग गेल्या वर्षी गिऱ्हाईक कंपनीने फर्मान काढलं की प्रत्येक पीसवर त्यांच्या पोर्टलवरून काढलेलं लेबल पाहिजे. पोर्टल जुन्या विंडोजवर उघडेना. मी दुसरा कॉम्प्युटर मागितला. लेखी मागितला, तारीख घालून.

तुम्ही म्हणालात, “एका टेबलाला दोन कॉम्प्युटर? सायबर कॅफे काढतोस का काय इथे?”

मी म्हणालो, “साहेब, एकावर दोन्ही चालत नाही.”

“चालतं. त्यातच दुसरी सिस्टिम टाक. ती फुकटवाली, लिनक्स का काय ती. माझ्या भाच्याने घरी टाकलीय. चालू करताना विचारते, कुठली पाहिजे म्हणून. एवढं येत नाही तुला?”

येत होतं. म्हणून टाकली. गुरुवारी, प्लांटच्या सुट्टीच्या दिवशी, एकटा बसून. आधी जुन्याची सगळी नक्कल काढून ठेवली. मग डिस्कची वाटणी केली, भावाभावांत रानाची मोजणी होते तशी. इतकी जागा जुन्या विंडोजला, इतकी नव्या लिनक्सला, मधे बांध. तीन वाजेपर्यंत काम झालं. कॉम्प्युटर चालू केला की काळ्या पडद्यावर दोन नावं यायची. बाणाने पाहिजे त्या नावावर जायचं आणि एंटर दाबायचं. जुनी होती मशीन चालवायला, नवी लेबलं काढायला. एकीतून दुसरीत जायचं तर कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायचा, दुसरा रस्ता नाही.

शुक्रवारी तनुजाला दाखवलं. तिने दोन-तीनदा इकडून तिकडे जाऊन बघितलं आणि म्हणाली, “म्हंजे एका नवऱ्याच्या दोन बायका, आन् स्वयंपाक मी करायचा.”

मला हसू आलं. मला माझ्या कामाचा अभिमानही वाटला होता, हे लपवत नाही.

पहिल्याच आठवड्यात घोळ निघाला. कॉम्प्युटरच्या पोटात एक बारकं घड्याळ असतं, नाण्याएवढ्या सेलवर चालणारं. वीज गेली तरी ते चालू राहतं. जुनी विंडोज त्यात जी वेळ दिसेल ती आपली समजते. लिनक्स त्यात ग्रीनिचची वेळ लावून ठेवते आणि पडद्यावर दाखवताना आपले साडेपाच तास मिळवते. दोघीही आपापल्या जागी बरोबर. पण एका घरात दोघी आल्या की नवी ते घड्याळ साडेपाच तास मागे ठेवून जाते, आणि जुनी उठल्यावर तेच खरं धरते. दुपारचे साडेतीन वाजलेले असतात आणि ती सांगते सकाळचे दहा. नवीला नेट आहे, ती स्वतःचं सुधारून घेते. जुनीला नेट द्यायचं नाही, व्हायरस शिरेल, हा हेड ऑफिसचा नियम.

उपाय एका ओळीचा आहे. नव्या सिस्टिममध्ये एक ओळ टाकायची, की तीही घड्याळात आपलीच वेळ ठेवते. ओळ मला सापडली तेव्हा ऑडिटला बारा दिवस होते. मी तुम्हाला विचारलं. ही माझी चूक. विचारायला नको होतं.

“मशीन चालतंय ना?” तुम्ही म्हणालात.

“चालतंय, पण वेळ...”

“वेळ हाताने लावा. ऑडिटच्या आधी तिथली एक सेटिंग बदललेली दिसली तर तुझी खैर नाही.”

ऑडिट झालं. मग दुसरं ऑडिट आलं. ओळ माझ्या वहीतच राहिली.

तेव्हापासून घड्याळ लावायचं काम तनुजाचं झालं. कोणी दिलं नव्हतं. रात्री मालोजी नव्यात लेबलं काढून जायचा, म्हणून सकाळी सातला कॉम्प्युटर जुन्यात चालू करायचा, तो सांगणार रात्रीचे दीड, मग मान उंच करून पंचिंग मशीनवरच्या घड्याळात बघायचं आणि वेळ लावायची. मोबाइल गेटवर जमा, त्यामुळे भिंतीकडेच बघावं लागतं. दुपारी तीनला नव्यात जाऊन लेबलं काढायची. मग पुन्हा जुन्यात येऊन वेळ लावायची आणि टेबल मालोजीच्या ताब्यात द्यायचं. म्हणजे त्याचंही घड्याळ तीच लावून जायची. स्वतःची शिफ्ट संपल्यावर, पाच मिनिटं जास्त थांबून.

मी एकदा मालोजीला विचारलं, “तू लावलंस का रे कधी?”

“मी काय घड्याळजी हाय व्हय? पोरगी लावून जातीय की. चाललंय ना, राव.”

सतरा तारखेला तिने लावलं नाही. त्या दिवशी तळेगाव चौकात रस्ता खणला होता, म्हणून कंपनीची बस पाऊण तास आधी, साडेतीनलाच सुटणार अशी पाटी गेटवर लागली होती. बस चुकली तर महाळुंग्यापर्यंत चालत. लेबलं काढून झाली आणि ती पळाली. पाच महिन्यांत एक दिवस तिने दुसऱ्याचं काम केलं नाही, एवढाच तिचा गुन्हा.

मालोजीने कॉम्प्युटर बंद करून जुन्यात चालू केला आणि वेळेकडे न बघता पीस लावायला लागला. सहा लावले, पाच लाल आले. त्याने मला आतल्या फोनवरून बोलावलं. “भावा, पळत ये, मशीन येडं झालंय.”

मशीन शहाणं होतं. माल खराब होता. कास्टिंगला बारीक बारीक भोकं होती. आणि बाहेर डॉकला ट्रक उभा होता, म्हणून तुम्ही आधीच खाली आलेले होतात.

“किती कमी आहेत?”

“बासष्ट, साहेब,” मालोजी म्हणाला.

“लिमिट किती आहे?”

मी म्हणालो, “पाच.”

“बारा कर.”

“ड्रॉइंगवर पाच आहे, साहेब.”

“ड्रॉइंग मी वाचलेलं आहे. ट्रक गेला की परत पाच कर. त्यांची लाइन थांबली तर तिथे जाऊन तू तोंड देणार आहेस का?”

लिमिट बदलायचा पासवर्ड प्लांटमध्ये एकट्या माझ्याकडे. मी टाकला. पाचाचे बारा केले. पडद्याच्या कोपऱ्यात तेव्हा दहा वाजून चौदा मिनिटं झाली होती. भिंतीवर पावणेचार व्हायला एक मिनिट कमी.

मालोजीलासुद्धा दिसलं. “ह्ये बघा साहेब, घड्याळ सकाळचं दावतंय.”

मी माउस तिकडे नेला.

“घड्याळाचं नंतर बघ रे,” तुम्ही म्हणालात. “आधी ट्रक.”

बासष्ट पीस हिरवे झाले. शेवटचा पाच वाजून सतरा मिनिटांनी. मग मी लिमिट परत पाच केली, घड्याळ लावलं, हात धुतले आणि घरी गेलो. जेवलो, झोपही लागली. आपण काय केलं हे मला माहीत होतं, पण मला असं वाटलं की ते आपल्या तिघांत राहील.

तीन आठवड्यांनी गिऱ्हाईकाकडून तक्रार आली. अकरा बॉड्या इंजिनवर बसवल्यावर गळल्या. त्यांनी नोंदी मागितल्या. नोंदीत दिसलं, सतरा तारखेला सकाळी दहा चौदा ते अकरा सत्तेचाळीस, लिमिट बारा. सकाळी कोण होतं? तनुजा.

ती नोटीस घेऊन माझ्याकडे मेंटेनन्सला आली. हातमोजे काढायचंही तिला भान नव्हतं.

“सुजितभाऊ, हे बघा काय दिलंय. मी कवा केलं बारा? मला तर पासवर्ड बी माहीत नाही.”

“घड्याळाचा घोळ आहे. मालोजीच्या शिफ्टचं तुझ्यावर आलंय.”

“मग सांगताव ना तुम्ही त्यांना?”

“सांगतो.”

“नक्की सांगा. हा कंत्राटदार चार कंपन्यांत माणसं लावतो. इथून काढलं तर चारही गेट बंद होतेत मला.”

मी नोंदींचा कागद काढून बसलो. तो कागद बघून कोणाही शाळेतल्या पोराला कळलं असतं. त्या दीड तासात दर दीड मिनिटाला दोन-दोन पीस. एकाची लिमिट पाच, दुसऱ्याची बारा, पुन्हा पाच, पुन्हा बारा. एकाच मशीनवर, एकाच मिनिटाला. आणि त्याच दिवशी दुपारी साडेतीनपासून पाच सतरापर्यंत एकही पीस नाही. मालोजी पावणेदोन तास काय भजन करत होता? शिवाय मी ठरवलं होतं की शुक्रवारी चौकशीच्या वेळी सगळ्यांना टेबलाजवळ नेईन, त्यांच्यासमोर नव्यातून जुन्यात जाईन, आणि घड्याळ साडेपाच तास मागे पडताना दाखवीन. तसं मी बुधवारी तुमच्या केबिनमध्ये येऊन सांगितलं. तुम्ही म्हणालात, “चांगलं आहे. दाखव.”

शुक्रवारी सकाळी कॉम्प्युटर चालू केला. काळा पडदा आलाच नाही. दोन नावं नाहीत, बाण नाही. सरळ जुनी विंडोज उघडली आणि वेळ बरोबर. लिनक्स पुसून टाकलेली. शेजारी एक नवा कोरा कॉम्प्युटर, लेबलांसाठी. जो मी वर्षभर मागत होतो तो.

हेड ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागाचा निरंजन माझ्या ओळखीचा, मारुंजीला राहतो. गेटवर जाऊन मोबाइल घेतला, त्याला फोन लावला.

“गुरुवारी आलो होतो ना,” तो म्हणाला. “अर्जंट आलं होतं. फॉरमॅट मारलं, नवा पीसी लावला, निघालो. काय झालं, भावा?”

“कोणाचं अर्जंट?”

“प्लांटवरूनच. आता नावं काय विचारतोस, मला पण नोकरी आहे.”

चौकशीच्या खोलीत तुम्ही होतात, दिव्या मॅडम होत्या, तनुजा आणि मी. मालोजीला बोलावलंच नाही. एसी एवढा होता की तनुजाने ओढणी खांद्यांभोवती गुंडाळून घेतली होती. मी घड्याळाचं सांगितलं. मॅडमनी लिहून घेतलं. मग तुम्ही विचारलंत, “दाखवू शकतोस?”

“त्या कॉम्प्युटरवर आता नाही दाखवता येणार. काल पुसलाय. दुसरा कुठलाही द्या, दोन तासांत करून दाखवतो.”

“दुसरा कॉम्प्युटर या चौकशीचा विषय नाही,” मॅडम म्हणाल्या.

मी कागद पुढे केला. “मॅडम, हे बघा. दीड मिनिटाला दोन पीस. एक मशीन एका वेळी दोन पीस कसे तपासेल?”

तुम्ही कागद उचललात, चष्मा वर केलात. आणि जे म्हणालात ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

“बरोबर आहे. म्हणूनच तर. न तपासता नुसती बटणं दाबत होती. दुप्पट स्पीड दिसतोय.”

मॅडमनी तेही लिहून घेतलं.

“आणि लिमिट?” मी म्हणालो. “दर मिनिटाला पाच-बारा, पाच-बारा करत होती का ती?”

“ते टेक्निकल आहे.”

“दुपारी पावणेदोन तास नोंद का नाही मग?”

“मटेरियल नव्हतं.” तुम्ही माझ्याकडे वळलात, अगदी शांतपणे. “सुजित, लिमिटचा पासवर्ड फक्त तुझ्याकडे असतो. तू तनुजाला दिलास?”

“नाही.”

“मग तिने कुठून तरी बघितला असणार. की बारा तू केलंस?”

इथे, साहेब. याच जागी. उत्तर माहीत असून तुम्ही प्रश्न विचारलात आणि माझ्याकडे बघत बसलात. ‘हो, मी केलं आणि तुम्ही करायला लावलं’ एवढंच वाक्य. तनुजा माझ्याकडे बघत होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं, ती फक्त मी बोलतोय म्हणून आशेने बघत होती. मी म्हणालो, “मला आठवत नाही.”

तिला त्याच दिवशी गेटपास जमा करायला लावला. आणि तिने सांगितलं तसंच झालं, चारही गेट बंद. आता ती खराबवाडीत एका मेसवर पोळ्या लाटते. मी तिथे गेलो तेव्हा तिने डोकं वर केलं नाही. पीठ घेत घेत म्हणाली, “जेवायला आलाव का?”

“तनुजा, बारा मी केलं होतं. साहेबांनी सांगितलं म्हणून.”

तिचं लाटणं थांबलं. रडेल असं वाटलं, शिव्या देईल असं वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मला कशाला सांगायलाव?” ती म्हणाली. “मला तर पहिल्यापासून माहीत होतं की मी केलं नाही. त्यांला सांगा.”

आणि दुसऱ्या पोळीला लागली.

मला घरी यायला पुरता दीड तास लागला त्या दिवशी, उगीच फिरत राहिलो. पुढच्याच सोमवारी तुम्ही मला केबिनमध्ये बोलावून परमनंटचं पत्र दिलंत. सहा वर्षं मागत होतो. वर हातही मिळवलात. “तुझ्यासारखी समजूतदार माणसं लागतात,” असं म्हणालात. घरी आईने पेढे वाटले. मालोजीने पाठीवर थाप मारली, “आता तू आमच्यातला झाला, राव.” त्याचं खरं होतं. मी तुमच्यातलाच झालो होतो, पत्र यायच्या आधीच.

ते पत्र या कागदाला जोडलंय. परत केलंय. त्याच्यामागे माझा लेखी जबाब आहे, की सतरा तारखेला दुपारी तीन चव्वेचाळीसला लिमिट मी बदलली. दिव्या मॅडमना एक प्रत दिली, गिऱ्हाईक कंपनीच्या क्वालिटीवाल्यांना एक, कामगार आयुक्तांकडे एक. माझं काय व्हायचं ते होईल, मी केलंय, मी भरीन. मला अडाणी म्हणा, गद्दार म्हणा. मालोजी म्हणतोच आहे. काल तो गेटवर आडवा आला, “माझं नाव कशाला घातलं रं त्यात? मी काय केलं?” मी म्हणालो, काहीच केलं नाहीस, तेच लिहिलंय.

पण माझ्या जबाबाने तनुजा अर्धीच सुटते. तुमचे वकील म्हणतील, मेंटेनन्सचा पोरगा आणि कंत्राटी पोरगी, दोघांनी मिळून केलं असेल. उरलेलं अर्धं तुमच्याकडे आहे. दोन ओळींत मावतं. मेल नको, फोन नको, ‘केबिनमध्ये येऊन बोल’ तर अजिबात नको. तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीने, तनुजाच्या नावाने लिहून द्या. मी पासवर्ड टाकत होतो तेव्हा माझ्यामागे उभं राहून ‘बारा कर’ असं कोण म्हणालं, आणि गुरुवारी निरंजनला बोलावून तो कॉम्प्युटर कोणी पुसायला लावला?

सोमवारी सकाळी सातला मी गेटवर उभा आहे. ती पण येणार आहे. सांगा, कोण?